शांत कॅबिनेट पाहिजे ना? मग फोम नंतर बघा, आधी भोकं बघा

कॉम्प्युटरचं माझं पहिलं 'सायलेंट' कॅबिनेट उचलताना कंबर धरायला लागायची. पुढे जाडजूड दरवाजा, दरवाजाला आतून काळा फोम, दोन्ही बाजूच्या पत्र्यांना डांबरासारखी जड चादर चिकटवलेली, आणि दरवाजा लावला की महागड्या गाडीसारखा धप्प आवाज यायचा, खरं सांगायचं तर त्या धप्पवरच मी खूश होऊन ते घेतलं होतं. घरी आणून सगळं बसवलं, नुसतं टायपिंग करताना मस्त शांत. पण व्हिडिओ रेंडरला (म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ तयार करून घ्यायला) लावला की पाच मिनिटांत असा घोंघाट सुरू व्हायचा की शेजारच्या खोलीतून विचारणा यायची. प्रोसेसर आणि त्याच्या कूलरमधली पेस्ट बदलली, फॅन बदलले, फरक शून्य. मग एक दिवस पुढच्या पोर्टला पेन ड्राइव्ह लावायला दरवाजा उघडला, तेवढ्यात फोन आला म्हणून उठून गेलो, दरवाजा तसाच उघडा. परत आलो तर खोली शांत. मला वाटलं रेंडर क्रॅश झाला. बघतो तर रेंडर व्यवस्थित चालू, प्रोसेसरचं तापमान ९ डिग्रीने खाली आलेलं आणि पुढचे फॅन १५०० आरपीएमवरून (म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्यांवरून) ९५० वर.

म्हणजे आवाज अडवायला लावलेला दरवाजाच आवाज करवत होता. हे एकदा डोक्यात बसलं की कॅबिनेट निवडताना काय बघायचं ते अर्धं तिथेच सुटतं, बाकीचं आता जरा सविस्तर सांगतो.

सुरुवात उष्णतेपासून करू. कॉम्प्युटर जेवढी वीज खातो तेवढी जवळपास सगळी उष्णता होऊनच बाहेर पडते, ५०० वॉट खाणारा पीसी म्हणजे ५०० वॉटचा हीटर, फक्त हा हीटर मध्ये थोडं गणित करून देतो. आणि हल्ली पार्ट खातात पण दाबून. इंटेलचा कोअर आय९ १४९००के हा प्रोसेसर पूर्ण जोरात २५३ वॉटपर्यंत जातो, आरटीएक्स ४०९० या ग्राफिक्स कार्डला ४५० वॉट, आरटीएक्स ५०९० ला तर ५७५. ही सगळी उष्णता डब्यातून बाहेर काढायची तर ती वाहून न्यायला हवा लागते, आणि किती हवा लागते त्याचा हिशोब अगदी शाळेतला आहे: आत शिरणाऱ्या हवेपेक्षा बाहेर पडणारी हवा १० डिग्रीने गरम चालेल असं धरलं तर ५०० वॉटसाठी तासाला साधारण १५० घनमीटर हवा पाहिजे. फक्त ५ डिग्रीच गरम झालेली चालेल म्हणालात तर दुप्पट, ३०० घनमीटर. यात कुठला ब्रँड नाही, कुठली आयडिया नाही, हवेचा गुणधर्मच तो.

आता फॅनकडे या. नॉक्टुआ या ऑस्ट्रियन कंपनीचा एनएफ-ए१२एक्स२५ नावाचा १२० मिमीचा प्रसिद्ध फॅन आहे (तोच तो तपकिरी आणि बेज रंगाचा, दिसायला कसा आहे यावर लोक वाद घालतात, कामावर कोणी घालत नाही). तो २००० आरपीएमला तासाला १०२ घनमीटर हवा हलवतो, पण हे मोकळ्या हवेत, समोर काही अडथळा नसताना. निम्म्या स्पीडला हवा पण निम्मी, म्हणजे ५० च्या आसपास. असे तीन फॅन १००० आरपीएमला लावले तर कागदावर १५० होतात, आपलं गणित जुळलं. पण प्रत्यक्षात पुढे जाळी असते, जाळीमागे फिल्टर, मग केबलींचा गुंता, वॉटर कूलिंग असेल तर त्याचा रेडिएटर, आणि प्रत्येक ठिकाणी त्यातली थोडी थोडी हवा मारली जाते. किती मारली जाते हे ठरवतं कॅबिनेट. कॅबिनेटचं खरं काम हेच आहे, बाकी लाइट आणि काच हे सगळं नंतरचं.

मग आवाजाचं काय? इथे डेसिबल समजून घ्यायला लागतं आणि डेसिबल हे जरा वाकडं माप आहे, सरळ बेरजेने चालत नाही. एक फॅन २५ डेसिबलचा असेल तर तसेच दोन फॅन मिळून ५० होत नाहीत, २८ होतात. दोन सारखे आवाज एकत्र आले की फक्त ३ वाढतात. आणि आपल्या कानाला एखादा आवाज 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते. म्हणजे फॅनची संख्या वाढवली तर आवाज हळूहळू वाढतो. पण फॅनचा स्पीड वाढवला तर? स्पीड दुप्पट केला की ढोबळमानाने १५ डेसिबल वाढतात, कानाला जवळजवळ तिप्पट मोठा. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. एक फॅन १६०० आरपीएमला पळवायचा की तसेच दोन ८०० ला? हवा तेवढीच, पण दोन फॅनवाल्या जोडीचा आवाज १५ वजा ३, म्हणजे १२ डेसिबलने कमी. कानाला निम्म्याहून कमी. शांत पीसी बनवणारे लोक जे काही करतात ते सगळं फिरून फिरून इथेच येतं: फॅन मोठे घ्या, जरा जास्त घ्या आणि आळशासारखे फिरवा.

पण हळू फिरणाऱ्या फॅनची एक अडचण आहे आणि माझ्या दरवाजाने तिथेच मला गंडवलं. स्पीड निम्मा केला की हवा निम्मी होते, पण हवा ढकलायचा जोर, ज्याला स्टॅटिक प्रेशर म्हणतात, तो पाव होतो. अर्धा नाही, पाव. म्हणजे हळू फिरणारा फॅन हा एकदम नाजूक प्राणी, समोर मोकळं असलं तर छान वारा देतो, बंद दरवाजातल्या बोटभर फटीतून आणि वर दाट फिल्टरमधून हवा ओढ म्हटलं की नुसता जागेवर फिरत बसतो. मग आतलं तापमान चढतं, मदरबोर्ड म्हणतो गरम होतंय रे, फॅनचा स्पीड वाढवतो, आणि आपला फोमवाला महागडा दरवाजा आता अशा आवाजाशी लढत बसतो जो त्याच्याचमुळे तयार झालाय.

आता प्रश्न येतो की मग अशी बंद कॅबिनेटं बनवणारे लोक वेडे होते का? अजिबात नाही. २००५ मध्ये अँटेकचं पी१८० आलं, तीन थरांची पॅनलं, पॉवर सप्लायला खाली वेगळा कप्पा, पुढे दरवाजा, आणि त्या काळात ते डिझाइन एकदम विचार करून केलेलं होतं. तेव्हा पीसीत आवाज कोण करायचं? हार्ड डिस्क खरखरायची, डीव्हीडी ड्राइव्ह किंचाळायचा, आणि हे दोघं नेमके पुढच्याच बाजूला बसलेले. समोर दरवाजा लावला की त्यांचा आवाज थेट कानावर यायचा नाही. शिवाय तेव्हाची ग्राफिक्स कार्डं आजच्यासारखी भट्टी नव्हती. नंतर फ्रॅक्टल डिझाइन या स्वीडिश कंपनीची डिफाइन मालिका आली, आर५ २०१४ मध्ये, डिफाइन ७ २०२० मध्ये, याच परंपरेतली आणि बनावटीला खरंच सुंदर. पण मधल्या काळात हार्ड डिस्क गेली आणि एसएसडी आली जी आवाजच करत नाही, डीव्हीडी ड्राइव्ह गायब झाला, आणि ग्राफिक्स कार्डची भूक दुपटीच्याही पुढे गेली. अडवायचा आवाज संपला आणि काढायची उष्णता वाढली. आजार बदलला पण औषध तेच चालू राहिलं.

कंपन्यांना हे कळलं नाही असं नाही. त्याच फ्रॅक्टलने २०१७ मध्ये पुढे पूर्ण जाळी असलेलं मेशिफाय सी काढलं आणि २०२१ मध्ये टोरेंट, ज्यात पुढे चक्क १८० मिमीचे दोन फॅन आहेत आणि समोर अडथळा नको म्हणून पॉवर सप्लाय उचलून वर नेलाय. २०२२ चं त्यांचं नॉर्थ पुढून लाकडी पट्ट्यांचं आहे, बघणाऱ्याला फर्निचर वाटतं, पण पट्ट्यांमागे मोकळी जाळी आहे. बी क्वाएट या जर्मन कंपनीचं सायलेंट बेस ८०२ तर दोन्ही पॅनलं देतं, बंद पण आणि जाळीचं पण, पुढचं आणि वरचं बदलून लावा आणि स्वतःच ठरवा. कंपनीच्या नावातच शांत राहा असं लिहिलेलं असताना त्यांनी जाळीचं पॅनल डब्यात घालून दिलं, यातच काय ते आलं.

पण थांबा, जाळी दिसली की झालं असंही नाही, इथे पण फसवाफसवी चालते. काही कॅबिनेटांना पुढे पत्र्यात पाडलेली भोकं असतात, पण इतकी बारीक आणि इतकी लांब लांब की मोकळी जागा कमी आणि पत्राच जास्त. काहींना बाहेर जाळी, तिच्यामागे प्लॅस्टिकचा सांगाडा, त्याच्यामागे नायलॉनचा दाट फिल्टर, असा तिहेरी पहारा असतो. काहींना पुढे काच आणि काचेच्या दोन्ही बाजूंना फटी, जाहिरातीत लिहिलेलं असतं उत्तम एअरफ्लो, आणि फटीची रुंदी बघितली तर करंगळी जाणार नाही. सोपी परीक्षा अशी की पॅनल हातात मिळालं तर दिव्यासमोर धरायचं, पलीकडचं किती दिसतं ते बघायचं. अर्धा उजेड आरपार आला तर चांगलं. हातात मिळत नसेल तर पुढचं पॅनल काढलेला फोटो शोधायचा, आत किती थर आहेत ते त्यात दिसतं. समोरून काढलेल्या चकाचक फोटोवर विश्वास ठेवायचा नाही, त्यात सगळीच कॅबिनेटं हवेशीर दिसतात.

मागची बाजू पण बघा, हे कोणी बघत नाही. मागच्या फॅनच्या जागेवर जुन्या स्टाइलची पत्र्यात कापलेली जाड नक्षी असेल तर बाहेर जाणारी हवा तिथे आपटते, आणि पाती जाळीच्या अगदी जवळून फिरली की एक बारीक सूर लागतो. षटकोनी मोठ्या भोकांची पातळ जाळी सगळ्यात चांगली.

आता फोमची बाजू पण मांडतो, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. पातळ फोम चढे आवाज थोडेफार शोषतो आणि खालचे अजिबात नाही, कारण १०० हर्ट्झच्या (सेकंदाला १०० कंपनांच्या) आवाजाची एक लाट हवेत साधारण ३.४ मीटर लांब असते, तिला तुमचा ४ मिमीचा फोम आहे हे कळत पण नाही. उलट ५००० हर्ट्झची लाट ७ सेंटिमीटरच्या आसपास, तिच्यावर थोडा परिणाम होतो. डांबरी चादरीचं काम वेगळंच आहे, ती आवाज शोषत नाही, ती पत्र्याला जड करते म्हणजे पत्रा थरथरत नाही. पत्रा पातळ असेल तर ही चादर खरंच उपयोगी, बाजूच्या पॅनलवर बोटाने टिचकी मारा, टण्ण वाजलं तर पातळ पत्रा, धब्ब वाजलं तर ठीक. म्हणजे फोम पाहिजेच असेल तर बाजूच्या पत्र्यांना असू दे, तिथून हवा जातच नाही. फक्त पुढचं दार बंद करून त्याला फोम लावू नका.

बंद कॅबिनेट खरंच शहाणपणाचं ठरतं अशा पण जागा आहेत. तुमचा पीसी ऑफिसच्या कामाचा आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, सगळं मिळून १०० वॉटच्या आत, आणि आत तीन-चार हार्ड डिस्का फिरतायत, तर घ्या बिनधास्त दरवाजावालं. उष्णता एवढीशी की फटीतून पण निघून जाईल आणि डिस्कची खरखर अडेल.

हार्ड डिस्कचा विषय निघालाच आहे तर, डिस्कचा जो आवाज त्रास देतो तो हवेतून कमी आणि पत्र्यातून जास्त येतो. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, तो १२० हर्ट्झचा हादरा स्क्रूमधून सांगाड्यात, सांगाड्यातून टेबलात, आणि टेबल म्हणजे तबल्याचं कातडंच. ५४०० वाली ९० हर्ट्झ. त्यामुळे डिस्क रबरी वॉशरवर बसवता येते का हे कॅबिनेटमध्ये नक्की बघा, आणि खालचे पाय रबराचे पाहिजेत, कडक प्लॅस्टिकचे नकोत. दोन डिस्का एकाच स्पीडच्या असल्या आणि घट्ट आवळल्या तर हूंऽऽ... हूंऽऽ... असा झोके घेणारा आवाज येतो, तो एकदा कानात बसला की झोप लागत नाही, अनुभव आहे.

असाच झोक्याचा आवाज फॅनचा पण येतो. सात पात्यांचा फॅन १२०० आरपीएमला फिरला की पाती सेकंदाला १४० वेळा समोरून जातात, म्हणजे १४० हर्ट्झचा सूर. शेजारचा तसाच फॅन १२३० ला फिरत असेल तर त्याचा १४३.५. हे दोन सूर एकमेकांत मिसळले की सेकंदाला साडेतीन वेळा आवाज वर-खाली होतो. मीटरवर आवाज कमीच दिसेल पण माणूस वैतागेल. उपाय फुकटातला आहे, एका फॅनचा स्पीड शंभर-दीडशेने वेगळा ठेवायचा.

मीटरचा विषय निघाला म्हणून सांगतो, डब्यावर लिहिलेल्या डेसिबलच्या आकड्याने दोन वेगळ्या कंपन्यांचे फॅन एकमेकांशी तोलू नका. कोणी किती अंतरावरून मोजलं, कुठल्या खोलीत मोजलं, फॅनला कॅबिनेटमध्ये बसवून मोजलं की हवेत लटकवून, हे सगळं वेगवेगळं असतं. आणि सारख्याच डेसिबलचे दोन आवाज सारखे त्रासदायक नसतात. पंख्याचा सरसर वारा वाहतोय असा आवाज मेंदू पाच मिनिटांत विसरतो, त्याच पातळीची शिट्टी तासभर टोचत राहते. आपला कान २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात सगळ्यात तिखट असतो, म्हणून बेअरिंगची टिकटिक आणि बारीक किणकिण एवढी जाणवते.

फॅनचा साइज म्हणाल तर जिथे १४० मिमी बसतो तिथे १४० घ्या. १२० पेक्षा क्षेत्रफळ साधारण ३६ टक्के जास्त, म्हणजे तेवढीच हवा कमी स्पीडला मिळते. चार पिनांचा पीडब्ल्यूएम फॅन घ्या, त्याचा स्पीड अगदी खालपर्यंत नीट कमी करता येतो, तीन पिनांचा व्होल्टेज कमी करून चालवतात पण एका मर्यादेखाली तो बंदच पडतो.

किती फॅन आणि कुठे? माझं मत: पुढे दोन १४० चे किंवा तीन १२० चे हवा आत घ्यायला, आणि मागे एक हवा बाहेर टाकायला. एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. मागचा एक फॅन फार मोलाचा, तो प्रोसेसरच्या कूलरच्या अगदी पाठीमागे असतो आणि गरम हवा लगेच उचलतो. त्यानंतर लावलेल्या प्रत्येक फॅनचा फायदा कमी कमी होत जातो. वर फॅन लावायचाच असेल तर मागच्या बाजूला लावा. वर पुढच्या बाजूला लावला तर तो पुढून आलेली ताजी हवा कूलरपर्यंत पोचायच्या आतच वरून बाहेर फेकतो, स्वतःच्याच पायावर धोंडा. आणि गरम हवा वर जाते म्हणून वर भोकं पाहिजेतच असं लोक फार ठासून सांगतात, पण डब्यात फॅन फिरत असताना त्या आपोआप वर जाण्याचा जोर फॅनपुढे काहीच नसतो, हवा फॅन नेतील तिकडे जाते.

आत येणारी हवा बाहेर टाकणाऱ्या फॅनच्या ताकदीपेक्षा थोडी जास्त ठेवली तर आत दाब किंचित जास्त राहतो आणि सगळ्या फटीतून हवा बाहेर पडत राहते. उलट केलं तर प्रत्येक फटीतून, मागच्या स्लॉटमधून, यूएसबी पोर्टच्या कडेने विनाफिल्टर हवा आत ओढली जाते आणि धूळ बरोबर येते. धूळ म्हणजे आवाजच आहे उधारीवर. कूलरच्या पात्यांमध्ये धूळ बसली की सहा महिन्यांनी तोच पीसी त्याच कामाला जास्त जोरात ओरडतो. म्हणून फिल्टर पाहिजे, पण असा पाहिजे जो पुढून किंवा बाजूने एका हाताने निघतो. खालचा फिल्टर जर मागच्या बाजूने ओढायचा असेल आणि कॅबिनेट भिंतीला टेकलेलं असेल, तर तुम्ही तो कधीही धुणार नाही. मी पण नाही धुतला.

आता खरा खलनायक, ग्राफिक्स कार्ड. गेम खेळताना येणारा बहुतेक आवाज कॅबिनेटच्या फॅनचा नसतोच, कार्डावरच्या फॅनचा असतो. हल्लीची बहुतेक कार्डं गरम हवा मागून बाहेर न टाकता कॅबिनेटच्या आतच सोडतात, आणि मग तीच हवा परत ओढतात. म्हणून कार्डाच्या खाली किती मोकळी जागा आहे आणि तिथे ताजी हवा पोचते का, हे कॅबिनेट घेताना बघायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. खाली पॉवर सप्लायचं झाकण असतं, ते जर पूर्ण बंद असेल आणि कार्ड जाड असेल तर फॅन आणि झाकणात दोन बोटं अंतर राहतं, कार्ड गुदमरतं. झाकणाला भोकं असतील किंवा खालून हवा घेणारे फॅन लावता येत असतील तर कार्डाला थेट थंड हवा मिळते आणि त्याचे फॅन शांत होतात. कार्ड उभं बसवायची फॅशन आहे, दिसतं झकास, पण फॅनची तोंडं काचेला अगदी चिकटून असतील तर तापमान चढणारच. आडवंच राहू दे.

वॉटर कूलिंगवाले म्हणतील आमच्याकडे हा प्रश्नच नाही. आहे हो. पाणी उष्णता फक्त एका जागेवरून दुसरीकडे नेतं, रेडिएटरमधून ती काढायला हवाच लागते आणि रेडिएटर हा फॅनसमोरचा अजून एक अडथळा. वर पंप चोवीस तास गुणगुणतो तो वेगळाच. प्रोसेसरवर चांगला मोठा एअर कूलर (पाणी नसलेला, नुसत्या फॅनचा) बसत असेल तर शांततेसाठी तोच बरा, फक्त उंची बघून घ्या, नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिमी उंच आहे आणि काही कॅबिनेटांत तो बसतो पण बाजूचं पॅनल लागत नाही.

रिव्ह्यू वाचताना एकच गोष्ट शोधा. नुसतं तापमान दिलेलं असेल तर त्याचा उपयोग नाही, सगळे फॅन फुल्ल सोडून कुठलंही कॅबिनेट थंड दिसतं. नुसता आवाज दिला असेल तरी नाही. आवाज एका ठरावीक पातळीवर सारखा ठेवून मग तापमान किती येतं, असा तक्ता ज्या रिव्ह्यूत असेल तो खरा. आणि तापमान खोलीपेक्षा किती जास्त असं दिलेलं असावं, कारण २० डिग्रीच्या खोलीतले आकडे ३५ च्या खोलीत साधारण १५ ने वर सरकतात.

कॅबिनेट कितीही चांगलं घेतलं तरी फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला फॅन किती पळवायचा, हा प्रकार बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन एकदा हाताने लावाच. बोर्डाचं मूळचं सेटिंग घाबरट असतं, ब्राउझरमध्ये एक टॅब उघडला की प्रोसेसर क्षणभर ७० ला जातो आणि फॅन व्हूंऽ करून उठतात, दोन सेकंदांनी परत खाली. हा वर-खाली होणारा आवाज स्थिर आवाजापेक्षा दहापट छळतो. बहुतेक बोर्डांत स्पीड वाढवायच्या आधी थांबायचा वेळ देता येतो, तो शक्य तेवढा वाढवा. कर्व्ह ६०-६५ डिग्रीपर्यंत जवळजवळ सपाट ठेवा आणि त्यापुढे हळूहळू चढवा. आणि कॅबिनेटचे फॅन प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स कार्डच्या तापमानावर चालवता आले तर गेमिंगसाठी ते जास्त बरोबर.

जुनं कॅबिनेट आहे आणि नवीन घ्यावं का कळत नाही, तर पैसे खर्च करायच्या आधी हे करून बघा. नेहमीचं जड काम चालू करा, वीस मिनिटं जाऊ द्या, तापमान आणि फॅनचा स्पीड लिहून ठेवा. मग पुढचं पॅनल काढून बाजूला ठेवा, अजून वीस मिनिटं. दोन-तीन डिग्रीचा फरक पडला तर कॅबिनेट निर्दोष आहे, दोष फॅनचा किंवा कूलरचा किंवा धुळीचा. सात-आठ डिग्रीचा फरक पडला तर पॅनल गळा दाबतंय. मग बाजूचं पॅनल काढून तेच. पुढचं काढून फरक नाही पण बाजूचं काढल्यावर कार्ड धाडकन खाली आलं, तर कार्डाला ताजी हवा मिळत नाहीये, पुढच्या फॅनपैकी एक जरा खाली सरकवून बघा.

मी माझं ते जड कॅबिनेट टाकलं नाही, दरवाजाची बिजागरी दोन स्क्रूंवर होती ती सोडवली, दरवाजामागचा दाट फिल्टर काढून साधी जाळी लावली. रेंडरला पुढचे फॅन आता ९०० च्या वर जात नाहीत. आणि खोली इतकी शांत झाल्यावर पहिल्याच रात्री गेम चालू केला तर ग्राफिक्स कार्डमधून बारीक चिरचिर ऐकू यायला लागली, कॉइल व्हाइन म्हणतात तिला, आतल्या कॉइल करंटबरोबर थरथरतात त्याचा तो आवाज. आधीपण येत असणारच, फॅनच्या घोंघाटात दबून गेलेली. चढ्या सुराचा आवाज असल्यामुळे तो फोमचा दरवाजा नेमका तिलाच अडवायचा म्हणा. गेम सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) काढेल त्याची मर्यादा मॉनिटर सेकंदाला जितकी दाखवतो तेवढ्यावर (रिफ्रेश रेटवर) बांधली तेव्हा चिरचिर बरीच कमी झाली, आणि दरवाजा कपाटामागे उभा आहे तो तिथेच आहे.